हँगरमधल्या विमानाची एकशे बारा लँडिंग

शनिवार, ११ ऑक्टोबर. ठेव तीन लाख डॉलर, मुदत संध्याकाळी पाचपर्यंत. हजर मी, माझा थोरला भाऊ आणि वहिनी. जागा तेलंगणातल्या भीमपूर मंडलातलं आमचं कापसाचं शेत. आमच्या विभागप्रमुख बाई हैदराबादहून फोनवर.

मी एका मालवाहू विमान कंपनीत कागद तपासतो. सणासुदीला माल वाढला म्हणून कंपनी दोन महिन्यांसाठी एक विमान भाड्याने घेणार होती. विमान, वैमानिक, दुरुस्ती सगळं मालकाचं. बाहेर रंगवायचं नाव मात्र आमचं. औषधं पाठवणारे लोक त्या नावाकडे बघून माल देतात. काही बरंवाईट झालं असतं, तर मालक कोण हे कुणी विचारलं नसतं. म्हणून माझी सही झाल्याशिवाय मालकाकडे ठेव जात नव्हती.

त्या दिवशी सीतादही होतं, म्हणून रजा काढून गावी आलो होतो. पहिल्या वेचणीआधी शेतात दहीभात वाहतात. आमच्याकडे घरचे सगळे उभे राहिल्याशिवाय कापसाला हात लावत नाहीत. विमानाचे कागद अकरा वाजता फोनवर आले. एकशे चाळीस पानं.

ऑफिसात मी दोन कागद शेजारी ठेवून वाचतो. फोनवर ते जमेना, तेव्हा खताच्या पावतीमागे पेन्सिलीने आकडे उतरवू लागलो. लँडिंग गिअरमधला, म्हणजे चाकांच्या सांगाड्यातला, एक भाग ठरावीक लँडिंग झाली की काढून टाकावाच लागतो. त्याचा महिनावार हिशोब होता. अडीच वाजता हात थांबला. मालासाठी मोठं दार बसवायला विमान चार महिने हँगरमध्ये, म्हणजे दुरुस्तीच्या शेडमध्ये, उभं होतं, आणि त्याच चार महिन्यांत या भागाच्या नावावर एकशे बारा लँडिंग होती. तीनदा बेरीज केली. तो भाग तेव्हा दुसऱ्या विमानाला असावा, किंवा आकडे मागाहून बसून भरलेले असावेत. दोन्ही बाबतीत त्याचं खरं वय कुणालाच माहीत नव्हतं.

“काऊन रे, सावलीत बसून घाम काऊन फुटला तुले?” भावाने विचारलं.

मी सांगितलं.

“दिसाले चांगला असला तरी फेका लागते?”

“हो.”

“मंग आपला ट्रॅक्टर त कवाच भंगारात पाह्यजे होता.” तो हसला, मग पावती हातात घेऊन बघत राहिला. “म्हणजे पडीक वर्साच्या पहाणीत कापूस लिहेल हाय म्हण.”

त्याने तलाठ्यांनी पिकांच्या पहाणीत केलेल्या तसल्या नोंदींपायी तहसीलच्या चकरा मारल्या होत्या. त्याला दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही.

बाईंना फोन लावला. त्या वाईट नव्हत्या, घाबरल्या होत्या. “क्लर्कची चूक असेल हो. सही करा, खुलासा मागाहून मागवू. सोमवारी गिऱ्हाइकाला तुम्ही तोंड देणार का?”

डिसेंबरमध्ये माझी नोकरी पुढे चालवायची की नाही, हे त्याच ठरवणार होत्या. मी पाहतो म्हणालो आणि फोन ठेवला. चूक असेलही. चार आकडे चुकीच्या ओळीत पडू शकतात. पण नसेल तर?

“भावजी,” वहिनी दह्याचं भांडं घेऊन बांधावरून ओरडली, “देव थांबन, वेचणाऱ्या बाया नाही थांबत. चला लवकर!”

पाचला दहा मिनिटं कमी असताना बाईंना लिहिलं : ‘लँडिंगचा हिशोब जुळत नाही. सही करत नाही.’ पाठवलं आणि जाऊन हात जोडले. डोक्यात बेरीजच चालू होती. वहिनीने दहीभात ठेवला, भावाने पहिलं बोंड वेचलं. फोन वाजला नाही, त्याचीच जास्त भीती वाटली.

सोमवारी मालकाने लिहिण्यातली चूक म्हणून कळवलं. आम्ही मूळ नोंदी मागितल्या, बुधवारपर्यंत आल्या नाहीत. विमान दुसऱ्या कंपनीने घेतलं. ते अजून उडतं. मी फोनवर त्याचं येणं-जाणं बघतो. आजवर प्रत्येक वेळी नीट उतरलं आहे. उतरलं की बरं वाटतं, आणि आपलंच चुकलं का, असंही वाटतं. डिसेंबरमध्ये बाईंनी माझी नोकरी पुढे चालवायच्या कागदावर सही केली.

आमचा माल इतर विमानांत जागा घेऊन गेला, थोडा उशिरा. तीन लाखांची ठेव गेली नाही. विमान राखून ठेवण्यासाठी आधीच भरलेले वीस हजार डॉलर मात्र मालकाकडेच राहिले.