अंजनाची सावली

आज सकाळी शेजारच्यांनी झाड तोडलं. ओल्या लाकडाचा वास भिंतीवरून आला आणि लग्नानंतरचा पहिला फाल्गुन आठवला.

गारखेड्यातल्या या घरात आम्ही तेव्हा नवे होतो. अंगणात एक झाड आधीपासून उभं होतं, पण त्याचं नाव सासरी कुणालाच ठाऊक नव्हतं. त्याची सगळी पानं गळाली, तसं सासूबाईंनी तोडणाऱ्याला बोलावलं. मी खाली पडलेलं पान उचललं. शेळीच्या खुरासारखं जोडपान, म्हणजे अंजन. माहेरी आमच्या शेळ्या उन्हाळाभर त्याच्यावरच जगायच्या. मी नखानं साल खरवडली. आत हिरवी ओल होती.

"आत्याबाई, हे अंजन हाय. मेलं नाय. चैतात फुटंल."

"चौथी शिकलेली मला शिकवती व्हय?" सासूबाई तोडणाऱ्याकडं बघून हसल्या. "शेळ्यांमागं हिंडून लई अक्कल आली हिला."

कुऱ्हाड दोनदा उसळली. तोडणारा थांबला. "मावशी, जितं हाय की हे झाड."

"मग काय झालं? तोड!"

कितीतरी वर्षं मला वाटायचं, मीच नीट बोलले नाही. आता कळतं, त्यांना पटलं होतं. फक्त सुनेचं ऐकायचं नव्हतं.

सासूबाईंना आता आपलं आपण उठता येत नाही. दुपारी मी त्यांची खुर्ची अंगणात त्याच जागी ठेवली.

"अगं, उन्हात का बसवलंस मला?"

"इथंच तर सावली होती, आत्याबाई," मी म्हणाले आणि आत गेले.