खोक्याच्या तळातली रेकॉर्ड

मुर्रीच्या ताराचंद कापगतेकडं जाझच्या बासष्ट रेकॉर्ड आहेत, हे गावात फार थोड्यांना ठाऊक होतं. ज्यांना ठाऊक होतं त्यांच्या लेखी म्हातारा बंद खोलीत इंग्रजी बाजा ऐकत बसतो, एवढाच त्याचा अर्थ होता.

ताराचंद मूळचा तलावाकाठच्या गावचा. जातीनं कोहळी, घरची धानाची शेती. पण धाकटा भाऊ शेतीत रमला आणि हा एकविसाव्या वर्षी रेल्वेत लागला. गोंदिया जंक्शनवर केबिनमन. लिव्हर ओढायचे, गाड्यांना रस्ता द्यायचा आणि दोन गाड्यांच्या मधल्या वेळात रिकाम्या रुळांकडं पाहत बसायचं. तिथंच मॉरिससाहेब नावाच्या गार्डशी त्याची ओळख झाली. साहेब एकटे होते. ड्यूटी संपली की ते त्याला आपल्या बंगलीत घेऊन जात, रेकॉर्ड लावत आणि मोडक्या हिंदीत समजावून सांगत. धून सगळ्यांनाच ऐकू येते, ते म्हणायचे, धून सोडून जो निघतो त्याच्या मागं जा, तो परत कसा येतो ते बघ. पहिले दोन महिने ताराचंदला नुसता गोंधळ ऐकू आला. मग एका दुपारी एक सॅक्सोफोन धून सोडून इतका लांब गेला की आता हा हरवला असं त्याला वाटलं, आणि तो अलगद मूळ जागी येऊन उभा राहिला. ताराचंदच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या दिवसापासून त्याला वेड लागलं ते लागलंच.

एकोणऐंशी साली मॉरिससाहेब बहिणीकडं ऑस्ट्रेलियाला निघून गेले. जाताना प्लेअर आणि रेकॉर्डचं लाकडी खोकं त्याच्या क्वार्टरवर पाठवून दिलं. एकेक रेकॉर्ड दाखवून त्यांनी त्याला सांगितलं होतं, ही थोर, ही लोकांनी विसरलेली पण थोरच. एक मात्र त्यांनी बाजूला सारली होती. कलकत्त्याच्या कुठल्याशा हॉटेलातल्या बँडची, फोटो नाही, साधं तपकिरी कव्हर. तिच्यात काही नाही, ते म्हणाले. ताराचंदनं ती खोक्याच्या अगदी तळाशी आडवी घातली, वरच्या रेकॉर्डना ओल लागू नये म्हणून.

त्याची बायको कुंदाबाई तेव्हा पंचविशीत होती. लग्न होऊन पाच वर्षं झाली होती, दोन मुलं होती. सुट्टीच्या दिवशी ताराचंद आतल्या खोलीत रेकॉर्ड लावायचा आणि मुलांचा गलका नको म्हणून दार लोटून घ्यायचा. एकदा ती ओले हात पदराला पुसत दारात येऊन उभी राहिली.

"मी बसू का थोडा वेळ?" तिनं विचारलं.

"तुले नाही समजत हे," ताराचंद म्हणाला. "अन् हात नको लावजो. सुई खराब होते."

तो काही रागानं बोलला नव्हता. खरं तेच सांगतोय असं त्याला वाटत होतं. कुंदाबाई परत गेली आणि त्यानंतर तिनं कधी विचारलं नाही. तिला त्यातलं काही नको आहे असं तो धरून चालला, आणि पुढची चाळीस वर्षं तसंच धरून राहिला.

रिटायर झाल्यावर त्यानं मुर्रीत दोन खोल्यांचं घर बांधलं. मुलं नोकरीसाठी बाहेर गेली. सहा वर्षांपूर्वी कुंदाबाईला मोठा ताप आला. ती वाचली, पण कान गेले. नागपूरहून मशीन आणलं, तर त्यात नुसती घरघर ऐकू यायची. तिनं ते डब्यात घालून ठेवून दिलं. तेव्हापासून दोघांचं बोलणं ओठांवरून, खुणांवरून आणि अडलं तर वहीत लिहून चालायचं.

यंदा फागुनात भुपेंद्र रहांगडाले नावाचा एक प्राध्यापक देवरीहून त्यांच्याकडं आला. त्याला जुन्या, लोकांच्या नजरेतून सुटलेल्या जाझ रेकॉर्डचा नाद होता आणि रेल्वेतल्या कुण्या ओळखीच्यानं त्याला ताराचंदचं नाव सांगितलं होतं. चाळीस वर्षांत पहिल्यांदा ताराचंदला या विषयावर बोलायला माणूस मिळाला. तो एकेक रेकॉर्ड काढून दाखवत होता, भुपेंद्र कपाळाला लावल्यासारखी हातात घेत होता. खोकं रिकामं झालं तेव्हा तळातली तपकिरी रेकॉर्ड राहिली.

"ते राहू द्या," ताराचंद म्हणाला. "त्यात काही नाही."

भुपेंद्रनं तरी ती काढली, खिडकीच्या उजेडात तिरपी धरली. लेबलवरचं नाव दोनदा वाचलं. असा बँड होता हे आपण फक्त वाचलंय, रेकॉर्ड कधी डोळ्यांनी पाहिली नाही, असं त्यानं शेवटी सांगितलं. आणि हसून म्हणाला, "काकाजी, काही नाही म्हणता आणि खाचा पार करड्या पडल्यात. ही तर तुमच्या सगळ्या रेकॉर्डपेक्षा जास्त वाजली आहे."

ताराचंद म्हणाला की ही त्यानं आयुष्यात एकदाही लावली नाही.

तेवढ्यात कुंदाबाई चहा घेऊन आली. भुपेंद्रच्या हातातलं कव्हर पाहून ती थबकली. चहा खाली ठेवला आणि बोटानं कव्हरचा फाटका कोपरा सरळ केला. ताराचंदनं तिच्याकडं पाहिलं, आणि विचारायच्या आधीच ती म्हणाली, "हाव, मीच. तुमी ड्यूटीवर जात होते, पोरं शाळेत. बाकीच्या रेकॉर्डच्या तव्यांले हात नाही लावला कधी. हा तुमच्या कामाचा नव्हता म्हणून हाच लावत होती."

"किती वर्षं?" ताराचंदनं ओठ हलवून विचारलं.

"कान होते तोपर्यंत. रिटायर झाल्यावर तुमी बाजारात गेले की."

भुपेंद्रनं रेकॉर्ड लावली. खरखरीतून एक क्लॅरिनेट वर आली, पाठीमागं हलका पियानो. ताराचंद ऐकत राहिला आणि त्याला कळलं की मॉरिससाहेब चुकले होते. क्लॅरिनेट धून सोडून फार लांब जात नव्हती. तिथंच घुटमळत होती, पुनःपुन्हा एकाच सुराला येऊन थांबत होती, आणि त्या थांबण्यातच सगळं होतं. कुंदाबाईला ऐकू येत नव्हतं. ती फिरणाऱ्या रेकॉर्डकडं, सुई कुठं पोचली ते पाहत होती. म्हणाली, "आता तो हाक मारून राहिला असन. तलावाच्या पारीवरून कोणी हाक मारते अन् तिकडून कोणी ओ देत नाही, तशी."

इतकी वर्षं ताराचंदनं इतकं ऐकलं होतं, पण असं वाक्य त्याला कधी सुचलं नव्हतं. भुपेंद्र फोनवर रेकॉर्डिंग करून घेत होता. संध्याकाळच्या बसनं तो गेला. रेकॉर्ड त्यानं मागितली नाही.

पुढं आठवडाभर ताराचंद रोज सकाळी दार उघडं ठेवून ती रेकॉर्ड लावायचा, कुंदाबाईला शेजारी बसवायचा आणि तिला काय आठवतं ते विचारायचा. पहिल्या बाजूचं तिनं बरंच सांगितलं. दुसऱ्या बाजूचं सांगता सांगता ती मध्येच थांबली. पुढचं पुसून गेलं, म्हणाली. तुमाले तर ऐकू येते, तुमी सांगा.

ताराचंदनं वही घेतली. पियानो एकटा आहे, असं लिहिलं. मग खोडलं. पुन्हा लिहिलं, छान आहे. तिनं वाचून मान डोलावली आणि सुपातली लाखोळीची डाळ निवडायला घेतली. त्यानं पान उलटलं आणि खाली लिहिलं, माझं चुकलं. वही तिच्या सुपावर ठेवली.

कुंदाबाईनं चष्मा सारखा करून वाचलं.

"तेव्हा एकडाव बोलावलं असतं तर मी आली असती," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. वही तिनं बाजूला ठेवली आणि डाळीतला खडा वेचून अंगणात टाकला.

रेकॉर्ड संपली होती. सुई आतल्या कड्यात नुसतीच खरखरत होती. ताराचंद ती उचलायला लवकर उठला नाही.