तिसऱ्यांदा केलेला सॉस

परवा लेकीने टोमॅटो, गूळ आणि व्हिनेगर आटवायला ठेवलं, आणि त्या आंबटगोड वासासरशी मी वाघोलीच्या आमच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये जाऊन पोहोचले.

मंदीत माझ्या नवऱ्याची, मिलिंदची, आयटीतली नोकरी गेली होती. तो भिंतीकडे तोंड करून पडून असायचा. जेवण जवळजवळ सुटलं होतं. गॅलरीत उभा राहिला तरी मी धावत जाऊन त्याच्या शेजारी उभी राहायचे. शेवटी रडकुंडीला येऊन मी म्हटलं, "काय खाशील ते सांग रे, काहीही करते."

भिंतीकडे तोंड ठेवूनच तो म्हणाला, "अमेरिकेत प्रोजेक्टवर असताना खायचो ते पोर्क सँडविच."

मी ते कधी पाहिलंही नव्हतं. इंटरनेटवर कृती वाचली. पुण्याच्या कॅम्पातून पोर्क आणलं, कुकरमध्ये मऊ शिजवून बोटांनी त्याचे धागे सोडवले. त्यावरचा आंबटगोड सॉस मात्र जमेना. पहिला करपला, दुसऱ्याची चटणी झाली. तिसरा चमच्यात घेऊन त्याच्या ओठांशी धरला.

"असा नसतो," एवढंच तो म्हणाला.

मी स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला टेकून हमसून रडले. वाटलं, आता हा आपल्या हाती लागत नाही. तेवढ्यात मागून आवाज आला, "व्हिनेगर कुठंय?" तो उठून आला होता. व्हिनेगर ओतून तो सॉस ढवळत राहिला.

'असा नसतो' हे दोन शब्द तेव्हा जिव्हारी लागले होते. आज कळतं, कित्येक दिवसांनी त्याला काहीतरी मनासारखं हवं होतं. नोकरी मिळायला पुढे बरेच महिने गेले. पण त्या दुपारी त्याने अर्धं सँडविच खाल्लं आणि उरलेलं माझ्यापुढे सरकवलं.

"तू तरी कुठे जेवलीयेस?"