काकूची चुकलेली रेघ

आमची गौरी माझ्या धाकट्या दिरांची लेक. जन्म कोलकात्यातला, त्यामुळे बंगाली फाडफाड आणि मराठी अडखळत. नोकरी कॉम्प्युटरची. रविवारी मात्र इथल्या मराठी घरांनी कळवलेल्या वंशावळी ग्राफ डेटाबेसमध्ये भरत बसते, हौसेनं. माणूस म्हणजे टिंब, नातं म्हणजे रेघ, असं तिनं मला शिकवलं. रेघ धरून आईबापांकडे चढायचं, तिथून दुसऱ्या फांदीवर उतरायचं. पिढ्या कितीही असोत, प्रश्न एकच टाकायचा.

मग मी तिच्या मागेच लागले, माझा मनोहर शोधून दे म्हणून. मनोहर माझा धाकटा भाऊ. अठ्ठेचाळीस वर्षांपूर्वी अण्णांशी, म्हणजे आमच्या वडिलांशी, भांडून सांगलीहून गेला तो गेलाच. मी पंचाहत्तरीची. आता नाही तर कधी?

गौरीनं प्रश्न टाकला आणि उत्तरात सगळं सासरच आलं. माहेरचं एक नाव नाही. मला रडूच फुटलं. डोळे पुसून नीट बघते तर काय, मी चक्क माझ्या सासऱ्यांचा मुलगा! विजया, पुरुष.

पोरीनं माझ्या नावापुढे नातं लिहिलं होतं 'काकू', आणि प्रोग्रॅमला त्याचा अर्थ शिकवला होता बंगाली. बंगालीत काकू म्हणजे बापाचा भाऊ. अगं भवाने, मिशा तेवढ्या लावायच्या राहिल्या की, मी म्हटलं. बिचारी ओशाळली.

तिनं ती रेघ खोडली आणि माझ्या वडिलांचं नाव घातलं: दिनकर सोमण, सांगली. ते टिंब तिथं आधीच होतं! कुणीतरी आपले आजोबा म्हणून कळवलेलं. पुन्हा प्रश्न टाकला, विजयापासून वर, दिनकरपासून खाली. मनोहर आला. त्याच्याखाली लेक आभा, नवऱ्याच्या बदलीमुळे दोन वर्षं बराकपूरला. इतक्या जवळ! पण मनोहरपुढे हयात की नाही, ती जागा रिकामी होती.

तिथं दिलेला आभाचा नंबर गौरीनं लावला. मी दिनकर सोमणांची मुलगी विजया, एवढंच कसंबसं बोलले. आभा म्हणाली, "आत्या, फोन ठेवू नका हं. बाबांना देते."

आवाज म्हातारा झाला होता, पण त्याचाच.

"विजूताई, अण्णांनी कधी माझं नाव काढलं का गं?"

"रोज काढायचे रे," मी म्हटलं. आणि ते अगदी खरं होतं.