चक्की, नळ, आज्जी आणि आमचा रोबो

रोबोटिक्सची टीम चालवली की किस्से स्क्रूसारखे साठतात. डब्यात कितीही भरा, दोन-चार पायाखाली येतातच! काळाचौकीत मंडळाच्या ऑफिसात, ढोलांच्या शेजारी, आमची शाळकरी टीम जमायची. मी शिकवणारा सर, सानिका प्रोग्राम बनवणारी, ओमकार रोबो सांभाळणारा. बाकीची पोरं सल्ले द्यायला! आता ती बिल्डिंग पाडणार आहेत. खोली आवरतोय आणि प्रत्येक खोक्यापाशी हात थांबतोय.

*

रोबोचा प्रोग्राम बनवायचा आमचा पहिला प्लॅटफॉर्म म्हणजे नखरेल पाहुणा. नुसता उघडायला अकाउंट, पासवर्ड, वर ओटीपी. ओमकारने बाबांचा नंबर टाकला. बाबा वरळी कोळीवाड्यातले, मासेमारी करणारे.

"अरे, फोन करून विचार ना त्यांना ओटीपी!"

"लागणार नाय सर. बाबा बोटीवर आहेत."

"मग येणार कधी?"

"म्हावरं गावलं की!"

बोट किनाऱ्याला लागली, बाबांनी इमानदारीत फोन करून ओटीपी सांगितला. तो कधीच एक्स्पायर झाला होता!

*

मग सानिकाने ठोकळ्यांचा प्लॅटफॉर्म शोधला. टायपिंग नाही, काही नाही. स्क्रीनवरचे रंगीत ठोकळे एकाखाली एक जोडायचे, की रोबो चालू! माझा एक इंजिनीअर मित्र बघायला आला आणि नाक मुरडून म्हणाला, "हे तर बच्चे लोकांचं आहे."

ओमकार म्हणाला, "काका, आम्ही बच्चे लोकच आहोत!"

*

दसऱ्याला ओमकारने रोबोची साग्रसंगीत पूजा केली. हळद-कुंकू, झेंडूचा हार, सगळं. दुसऱ्या दिवशी रोबो जागचा हलेना! प्रोग्राम तपासला, ठोकळे उलटसुलट केले, प्लॅटफॉर्मला शिव्या घातल्या. शेवटी सानिकाने खाली वाकून बघितलं. हारातलं एक फूल बरोबर सेन्सरसमोर लोंबत होतं. समोर भिंत आहे समजून बिचारा आज्ञाधारकपणे उभा!

"सर, हार काढू?" ओमकारने विचारलं. "पाया पडून काढतो."

*

या प्लॅटफॉर्मची मोठी सोय म्हणजे ठोकळ्यांना आपल्याला हवी ती नावं देता यायची. सानिकाने आपली चाळच त्यात बसवली. घरातून निघालं की मध्ये नळ, तिथून डावीकडे चक्की, उजवीकडे आज्जीची खोली. स्पर्धेत परीक्षक मॅडम स्क्रीन बघून गोंधळल्या.

"हे 'आज्जीकडे' म्हणजे काय?"

"उजवीकडे वळायचं, मॅडम."

"आणि 'चक्की'?"

"डावीकडे."

"मग 'नळ'?"

"थांबायचं. नळावर सगळेच थांबतात ना!"

बक्षीस मिळालं नाही. पण मॅडम जाताना म्हणाल्या, "आमच्याही चाळीत असंच होतं गं." आणि उगाचच चष्मा पुसत राहिल्या.

*

पुढे सानिकाची चाळ रिकामी झाली, पाडलीही. घर बदलापूरला गेलं, आज्जीही तिकडेच. सानिका फोनवर सांगायची, आज्जीचं तिथे मनच लागत नाही. रोज संध्याकाळी पिशवी घेऊन दारात उभी राहते आणि म्हणते, "चल, घराक जावया."

त्यातच प्लॅटफॉर्मचं नवं व्हर्जन आलं. दिसायला झकास, पण त्यात आपण दिलेली नावं उडतात.

"सर, प्लीज अपडेट करू नका हां," सानिका म्हणाली. "चाळ तेवढीच उरलीय."

नाही केलं. आजही अपडेटची खिडकी समोर आली की मी 'नंतर' दाबतो.

*

गेल्या रविवारी, खोली आवरायला घ्यायच्या आधी, सानिका आज्जीला घेऊन आली. ओमकारने ढोल बाजूला सारले, कोपऱ्यात खुर्ची टाकून आज्जीला बसवलं. सानिकाने जुना प्रोग्राम लावला.

रोबो निघाला. मध्येच थांबला.

"नळ," सानिका हळूच म्हणाली.

आज्जी पुढे झुकली. रोबो उजवीकडे वळला, सरळ आला आणि तिच्या पायांपाशी येऊन थांबला. आज्जीने त्याच्याकडे बघितलं. मग तिने मांडीवरची पिशवी खाली ठेवली आणि सानिकाला म्हणाली, "भायर थांबलो कित्याक तो? दार उघडाच आसा. आत ये म्हणान सांग तेका."