पलीकडच्या खोलीतला खोकला

झेवियर सर घाबरवायचे ते भरदुपारी. मालवणच्या बाजारात कापडदुकानाच्या माडीवर त्यांचा कॉम्प्युटर क्लास होता. पोटासाठी टायपिंग शिकवत. जीव मात्र स्वतः बनवत असलेल्या भुताच्या गेममध्ये. २००४ साली मी आणि माझी मैत्रीण त्यांना त्यात मदत करायचो.

मी रक्ताळलेल्या तोंडाची एक बाई काढली होती. सर हसले आणि त्यांनी ती पुसून टाकली. "भूत दाखयलंस की भय संपला. ता खंय आसा, ताच कळाक देऊ नको."

बाईच्या जागी त्यांनी रिकामी खुर्ची ठेवली. खेळणारा खोलीत परत आला की खुर्ची किंचित वळलेली असे. एवढंच. तिसऱ्या खेपेला मैत्रिणीने माऊस सोडून दिला.

"आवाजापेक्षा आवाजाची वाट बघणा वायट," सर म्हणत. तरी एक आवाज त्यांना हवाच होता. घरातल्या जुन्या कॅसेटवर, प्रार्थनेच्या गाण्यांमध्ये, वारलेल्या वडिलांचा खोकला सापडला. तो त्यांनी गेममधल्या बंद दारामागे घातला. ती खोलीही त्यांच्याच घरासारखी रंगवलेली होती.

एकदा सरांची माय जेवणाचा डबा घेऊन आली आणि स्टुलावर टेकली. गेम चालूच होता. दारामागून खोकला आला. डबा उघडता उघडता, मान वर न करता माय म्हणाली, "जरा दम धरा, पेज वाढतंय."

सरांनी स्पीकरची वायर उपटली. "माय, माझा चुकला. पुसून टाकतंय."

"कित्याक? माका खंय भय वाटला?" ती म्हणाली. "लाव परत."

मग ती रोज येऊ लागली. खोकला ऐके, उत्तर देई आणि घरी जाई. पुण्याच्या एका कंपनीने गेम बघायला मागवला होता. सरांनी पाठवला नाही. "लोक भियातले, नायतर हसतले. दोनय नको."

तीन वर्षांनी माय गेली. महिन्याभराने सरांनी आमच्यासमोर गेम सुरू केला. खोकला आला. आम्ही दोघी नकळत स्टुलाकडे बघू लागलो. पुन्हा खोकला आला.

शेवटी सर स्क्रीनजवळ वाकले आणि हळूच म्हणाले, "जरा दम धर, पप्पा. माय वाटेर आसा."