रांगेत हंडे, लिंबाखाली आया

आमच्या कामातले रिपोर्ट वरच्या साहेबांकडे जायचे. किस्से मात्र आमच्याकडेच साठायचे, कारण फॉर्ममध्ये त्यांच्यासाठी रकानाच नव्हता! विशीच्या आतल्या आयांसाठीचा कार्यक्रम माझ्याकडे होता. सोबतीला नसीमाआपा, लातूरच्या जुन्या नर्सबाई.

•

लातूर नुकताच वेगळा जिल्हा झालेला, त्यात दुष्काळ. नव्या ऑफिसात मी बाळांचा वजनकाटा मागायला गेले. क्लार्क उभ्यानेच लिहीत होता.

"मॅडम, जिल्हा आलाय, खुर्च्या यायच्यात. काटा त्याच्यानंतर!"

"मला खुर्ची नकोच," म्हणत मी फरशीवर बसकण मारली. संध्याकाळी काटा घेऊनच उठले.

•

जळकोटकडच्या एका गावात पहिली मीटिंग लावली. तरण्या आयांना बोलावलं आणि आल्या सगळ्या सासवा!

"सुना कुठायत?"

"पाण्याच्या रांगेत. काय सांगायचं ते आमाला सांगा. पटलं तर सांगू त्यांना, न्हाई तर न्हाई!"

बोलल्या त्या गंगाबाई. गावातली कुठलीच सासू त्यांच्या शब्दाबाहेर नव्हती.

•

मग मी वर्गच रांगेजवळ नेला. रांगेत हंडे, शेजारी लिंबाखाली आया. टँकरचा हॉर्न वाजला की माझं वाक्य अर्धं टाकून सगळ्या पळायच्या. शेवटी ड्रायव्हरला गाठलं. "दादा, दहा मिनिटं थांबून हॉर्न वाजवा."

तो थांबला, वर्गही ऐकला. जाताना हळूच म्हणाला, "मॅडम, माझ्या बायकोला आठवा हाय. उद्या क्याबिनमदी बसवून आणू का?"

•

गंगाबाईंची सून सुनंदा, सतरा वर्षांची. तिचं दोन महिन्यांचं बाळ काडीसारखं. तोलायला घेतलं तशा गंगाबाई धावल्या. "नजर लागंल! लेकरू म्हंजे काय तूर हाय व्हय?"

आपांनी डबीतलं काजळ काढलं आणि काट्यालाच तीट लावली. "घ्या! आता काय व्हायचं ते काट्याला हुईल!"

गंगाबाईंना हसू आलं आणि बाळ काट्याच्या झोळीत गेलं. काटा बघून आम्हा दोघींचं हसू मात्र पळालं. असंच चाललं असतं तर बाळ हाती लागलं नसतं.

•

सुनंदा घरात सगळ्यांच्या शेवटी जेवायची, म्हणजे उरलं तर. आम्ही दिलेले शेंगदाण्याचे लाडू दीर खायचे. मी नियम केला: लाडू इथेच, माझ्यासमोर खायचा. गंगाबाई भडकल्या. "माझी सून उपाशी हाय, असं गावाला दावायलाव व्हय?" दुसऱ्या दिवसापासून सुनंदाचं वर्गाला येणं बंद!

मला राग आला, आणि भीती त्याहून जास्त वाटली. मी रोज त्यांच्या ओट्यावर जाऊन बसू लागले. गंगाबाई चहा विचारायच्या नाहीत, मी उठायचे नाही. चौथ्या दिवशी सहज विचारलं, "तुमचं पहिलं बाळंतपण कुठं झालं?"

त्या डाळ निवडत राहिल्या. निवडता निवडताच म्हणाल्या, "पयलं लेकरू सव्वा महिन्यात गेलं. दूधच न्हवतं मला." मीही त्यांच्यासोबत डाळ निवडायला घेतली.

•

सकाळी वर्गाला गेले तर रांगेत सुनंदाचा हंडा घेऊन गंगाबाई उभ्या! मी पळतच त्यांच्याजवळ गेले.

"सुनंदा कुठाय?"

"घरी जेवायलीय," हंडा पुढे सरकवत त्या म्हणाल्या. "तिचं झाल्यावर मी जेवायला बसंन. तुमी चालू करा वर्ग, ऐकू येतंय मला हितून."